मदत हवी आहे: लोकलहोस्टवर वेबहुक येतोय पण सिग्नेचर जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, दोन दिवस झाले इथेच अडकलोय. नोड-एक्सप्रेसमध्ये ऑर्डरचं छोटं ॲप करतोय, पेमेंट झालं की पेमेंट गेटवेचा वेबहुक (पेमेंट झाल्याचं कळवणारी, आपोआप येणारी रिक्वेस्ट) यायला हवा, आता लोकलहोस्ट (माझ्याच कॉम्प्युटरवर चालणारं ॲप) बाहेरून दिसत नाही म्हणून एनग्रॉक (लोकल ॲपला इंटरनेटवरचा पत्ता देणारं टूल) लावून ३००० पोर्ट उघडा केला आणि तो पत्ता गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये टाकला. रिक्वेस्ट येतेय, एनग्रॉकच्या ४०४० पोर्टवरच्या पानावर बॉडी, हेडर सगळं दिसतं, पण माझा कोड दरवेळी ४०१ (ओळख पटली नाही असा एरर) देतो, कारण मी काढलेला एचमॅक (बॉडी आणि सीक्रेट मिळून काढलेला हॅश) हेडरमधल्या सिग्नेचरशी जुळतच नाही. सीक्रेट तीनदा तपासलं, टेस्टचंच आहे.

मला वाटतं घोळ असाय की वर सगळ्या रूटना जेसन पार्सर (आलेल्या बॉडीचं ऑब्जेक्ट करणारा) लावलाय आणि मी पार्स झालेली बॉडी परत स्ट्रिंग करून हॅश काढतोय. लॉग बघितला तर आलेल्या बॉडीत रक्कम ४९९.०० आहे आणि माझ्या स्ट्रिंगमध्ये नुसती ४९९!

तर बाकीचे रूट न मोडता फक्त या वेबहुकच्या रूटला रॉ बॉडी (आली तशीच, पार्स न केलेली) कशी द्यायची? पार्सरच्या आधी हा रूट लिहिला तर पुरेल का? आणि ४०१ गेला की गेटवे तोच इव्हेंट पुन्हा पाठवतो, उद्या एकच ऑर्डर दोनदा पेड व्हायला नको, त्यासाठी इव्हेंट आयडी टेबलमध्ये युनिक ठेवू का? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.