मदत हवी आहे: कमी ऑक्सिजनमध्ये ठेवूनही हिफचा बँड येत नाही

पेशीवेडी (खारघर): तिसऱ्यांदा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन पट्टीच्या, म्हणजे बँडच्या, रूपात दाखवणारी चाचणी) कोरा. सेल्स १ टक्का ऑक्सिजनमध्ये, ६ तास. अ‍ॅक्टिन (तुलनेसाठीचं, नेहमी दिसणारं प्रथिन) ठसठशीत, हिफ-१ अल्फा (ऑक्सिजन कमी झाला की सेलमध्ये साठणारं प्रथिन) नाहीच. सोमवारी मॅडमना दाखवायचंय. काय बदलू? प्लीज लवकर सांगा.

घोडबंदरकर: सेल्स कुठल्या? पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे बँड नक्की येईल असा नमुना? लायसिस (सेल्स फोडणं) कसं केलंस?

पेशीवेडी: हेला (माणसाच्या कर्करोगाच्या सेल्स). कंट्रोल नाही. लायसिस नेहमीसारखंच.

ऐरोलीकर: कोबाल्ट क्लोराइड घाल, १०० मायक्रोमोलर. मी एमएस्सीला तेच केलं, गॅस सिलिंडर लागलाच नाही.

घोडबंदरकर: कंट्रोल म्हणून चालेल, प्रयोग म्हणून नाही. ऑक्सिजन असला की पीएचडी (प्रोलिल हायड्रॉक्सिलेज) एन्झाइम हिफच्या ४०२ आणि ५६४ नंबरच्या प्रोलीन या अमिनो आम्लांवर हायड्रॉक्सिल चढवतं, मग व्हीएचएल हे प्रथिन त्याला धरून प्रोटिअसोमकडे, म्हणजे सेलच्या प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेकडे, पाठवतं. कोबाल्ट या एन्झाइमचं काम अडवतं. सेलला ऑक्सिजन तेवढाच मिळत राहतो.

ऐरोलीकर: तिला सोमवारी बँड हवाय, लेक्चर नको.

कळवेकर: क्यूपीसीआर करून एमआरएनए (प्रथिन बनवायचा जनुकाचा संदेश) मोजून बघ ना, ब्लॉटपेक्षा सोपं.

घोडबंदरकर: त्यातून काय कळणार? सेल हिफ सतत बनवते आणि सतत मोडते. कमी ऑक्सिजनमध्ये मोडणं थांबतं. एमआरएनए फारसा हलतच नाही.

वाशीचे काका: विषय ऑक्सिजनचा आहे म्हणून विचारतो. जूनमध्ये लेहला विमानाने जातोय, वय ६२, बीपीची गोळी चालू आहे. जमेल ना?

कळवेकर: काका, आधी डॉक्टरांना विचारा, आणि पहिले दोन दिवस अजिबात धावपळ नको. उंचावर ऑक्सिजन कमी, तेव्हा हिफमुळे मूत्रपिंडातलं एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक) लगेच वाढतं, पण तांबड्या पेशी वाढायला आठवडे जातात.

घोडबंदरकर: पेशीवेडी, ‘नेहमीसारखंच’ म्हणजे काय? इन्क्युबेटरमधून काढल्यापासून बफर घालेपर्यंत किती वेळ जातो?

पेशीवेडी: इन्क्युबेटर दुसऱ्या मजल्यावर, बर्फ तळमजल्यावर. डिश हातात धरून जिन्याने खाली, पीबीएसने (मिठाच्या बफरने) दोनदा धुते, मग सेल्स खरवडून काढते. बारा-पंधरा मिनिटं.

घोडबंदरकर: तिथेच गेलं. हवा लागली की हिफचं अर्धायुष्य पाचेक मिनिटं, म्हणजे तेवढ्यात निम्मं मोडतं. बर्फाचा डबा वर ने, एका वेळी एकच डिश काढ, मीडियम (सेल्स वाढवायचा द्रव) ओतून टाक आणि गरम सॅम्पल बफर थेट सेल्सवर घाल. बँड किती केडीएला (किलोडाल्टन, प्रथिनाचं वजन) शोधतेस?

पेशीवेडी: ९३. मेंब्रेन (ब्लॉटचा पडदा) १०० ला कापून वरचा तुकडा टाकून देते.

ऐरोलीकर: अगं, तो ११० ते १२० च्या मध्ये येतो! मग माझ्या कोबाल्टनेही दिसला नसता.

पेशीवेडी (रविवार रात्र): दोन डिश केल्या. जिन्याने नेलेलीत पुसटशी रेघ, जागीच लायसिस केलेलीत जाड काळा बँड. दादा, खूप आभार. पण त्याच डिशमध्ये प्युरोमायसिनचा सिग्नल (नवी प्रथिनं किती बनतात ते दाखवणारा) नॉर्मल ऑक्सिजनमधल्या सेल्सपेक्षा बराच कमी आहे. सेल्स मरतायत का?

घोडबंदरकर: जिवंत सेलही प्रथिनं बनवणं आवरतं घेते. आरईडीडी१ या प्रथिनामुळे एमटॉर (प्रथिनं बनवायला चालना देणारं एन्झाइम) दबतं, पर्क हे एन्झाइम ईआयएफ२ अल्फाच्या (प्रथिन बनवणं सुरू करणाऱ्या घटकाच्या) सेरीन ५१ वर फॉस्फेट लावतं आणि त्याचं काम अडतं. ट्रायपॅन ब्लू (फक्त मेलेल्या सेल्स रंगवणारा रंग) लावून जिवंत सेल्स मोज, आणि त्याच लायसेटवर (फोडलेल्या सेल्सच्या द्रवावर) फॉस्फो-ईआयएफ२ अल्फाचा, म्हणजे फॉस्फेट लागलेल्या रूपाचा, ब्लॉट लाव. या वेळी मेंब्रेन कापू नकोस.