डीडीएलजेने ('दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' या सिनेमाने) नक्की बदललं काय?

प्रश्न: १९९५ पासून मुंबईच्या मराठा मंदिर थिएटरात लागलाय म्हणून सगळे कौतुक करतात, पण मला तर नुसती गोड लव्हस्टोरी वाटते, मी काही मिस करतोय का?

कोपऱ्यातली सीट: अरे 'कयामत से कयामत तक' (१९८८) आठव, पोरं पळतात आणि मरतात. इथे हिरॉइन सिमरनची आई स्वतः दागिने हातात देऊन पळा म्हणते तरी हिरो राज नाही म्हणतो, बाऊजींचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, होकार हवा! बंडखोरी खल्लास.

इंटरव्हल समोसा: शिवाय हिरो लंडनचा. आधी फॉरेनवाला म्हणजे बिघडलेला असायचा, आता तोच संस्कारी, मग २००१ च्या 'कभी खुशी कभी गम'पर्यंत तेच.

प्रश्नकर्ता: पटतंय, पण शेवटी सिमरनचा हात सोडायचा की नाही हे बापच ठरवतो ना 😅