पहिली इलेक्ट्रिक गिटार, सगळं धरून २५ हजार (नाशिक)

इंदिरानगर_ई_मेजर
अकूस्टिकवर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे) बसलेत, आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे. ब्लूज आणि जुना रॉक. फ्लॅटमध्ये, बहुतेक हेडफोनवर. कॉलेज रोडला गिटार आणि अँपचा एकत्र सेट दाखवतात, ऑनलाइन थोडा स्वस्त पडतो. सेट घ्यावा की सुटं? पिकअप (तारांचं कंपन उचलणारे चुंबक) तीन सिंगल कॉइल, म्हणजे एका गुंडाळीचे, की दोन गुंडाळ्यांचा हंबकर? व्हॅमी बार (स्वर हलवायचा दांडा) लागतोच का?

सहावी_तार
सेट घेऊ नका. त्यातला अँप हाच सगळ्यात कच्चा भाग असतो आणि तुम्हाला तर हेडफोनवरच वाजवायचंय. गिटारला १६-१७ हजार, आवाजाच्या बाजूला ५-६, उरलेले केबल, तारांचा एक जादा संच आणि सेटअपसाठी (तारांची उंची, सूर वगैरे जुळवून घेणं). सेटअपचे पैसे आधीच बाजूला काढा, नाहीतर ते राहूनच जातात.

पिकअप एचएसएस घ्या, म्हणजे ब्रिजजवळ (तारा बॉडीला टेकतात तिथे) हंबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल. ब्लूज आणि रॉक दोन्ही निघतात. यामाहा पॅसिफिका ०१२ या रचनेत येते. स्क्वायर सॉनिक आणि आयबानेझ जिओ मालिकेतही बघा. पण नावापेक्षा हातात आलेला नग महत्त्वाचा. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत एकीचा नेक (लांब दांडा) सरळ आणि दुसरीचे फ्रेट (त्यावरच्या धातूच्या पट्ट्या) वरखाली, असं या किमतीत सर्रास होतं. म्हणून दुकानात हे तपासा:

सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत बारीकशी फट दिसली पाहिजे, साधारण ०.२ ते ०.३ मिमी. फट अजिबात नसेल किंवा खूप असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवून घ्यायला सांगा. एका वेळी पाव फेरा, पुन्हा ट्यूनिंग, पुन्हा माप. रॉड फिरतच नसेल तर ती गिटार परत.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. कंटाळवाणं आहे, तरी करा. बाराव्या फ्रेटच्या पुढे पहिली तार पूर्ण एक स्वर वर खेचा. खेचताना आवाज मधेच मेला तर पुढचा एखादा फ्रेट उंच आहे. ते सेटअपने जात नाही, फ्रेट घासून समपातळीत आणावे लागतात आणि त्याची मजुरी वेगळी. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची पहिल्या तारेला दीड आणि सहाव्या तारेला दोन मिमीच्या आसपास हवी.

नट (खुंट्यांच्या बाजूची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) विसरू नका. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट राहायला हवी. जास्त असेल तर पहिल्या पोझिशनचे कॉर्ड ट्यूनिंग बरोबर असूनही चढे वाजतात, आणि लोक उगाच खुंट्यांना दोष देतात.

शेवटी ट्यूनर ॲप लावून बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून येणारा स्वर) आणि दाबलेला स्वर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा, तार टेकते तो सरकता तुकडा) मागे घ्यायचं, उतरता असेल तर पुढे. सॅडल आधीच टोकाला टेकलेलं असेल तर दुसरी गिटार मागा.

पंचवटी_सोल्डर
वरचं सगळं बरोबर. आवाजाची बाजू मी सांगतो.

गिटार थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात किंवा होम थिएटरला लावू नका. पिकअपला साधारण १ मेगओहम रोधाचा इनपुट लागतो, तिथे तो नसतो आणि आवाज पातळ, मेलेला येतो. लॅपटॉप बरा असेल तर साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) आणि फुकट अँप सॉफ्टवेअर. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर टाका, त्यात बफर (आवाज साठवून पुढे पाठवायचा तुकडा) १२८ सॅम्पल ठेवा. नाहीतर तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो आणि तालाची वाट लागते. लॅपटॉप नको असेल तर हेडफोन जॅक असलेलं छोटं मल्टिइफेक्ट पेडल (वेगवेगळे आवाज देणारी पेटी) घ्या. ॲडॅप्टरची पोलॅरिटी बघूनच लावा. पेडलना बहुधा ९ व्होल्ट, मधली पिन निगेटिव्ह असा लागतो.

गुणगुण हा वेगळा विषय. सिंगल कॉइल आजूबाजूच्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा आवाज उचलतं. लॅपटॉपचा चार्जर काढा, दिव्याचा डिमर बंद करा, जागेवरच ९० अंशांत वळून बघा, फरक पडतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर काळजी नको. वाढली तर ग्राउंडची वायर तपासा. आणि हाताला झिणझिण्या आल्या तर ताबडतोब बंद. गावठाणातल्या जुन्या वाड्यांत सॉकेटचं तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, अँपची तिसरी पिन कापून काम भागवू नका.

धोबी_तलाव_डाउन
नाशिकमध्ये हव्या त्या मॉडेलचे दोन-तीन नग शेजारी ठेवून बघायला मिळाले नाहीत तर सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईचं सीएसएमटी गाठा. धोबी तलाव तिथून चालत आहे, फुर्टाडोज हे वाद्यांचं दुकान तिथेच. संध्याकाळच्या पंचवटीने परत. तिकीट आणि वडापाव धरूनही चुकीची गिटार परत पाठवण्यापेक्षा स्वस्त. ऑनलाइनच घेणार असाल तर परतीची मुदत वाचा आणि पहिल्याच दिवशी वरची तपासणी उरका.

फ्लॉइड रोझ (तारा लॉक होणारा, तरंगता व्हॅमी ब्रिज) मात्र नको. एक तार बदलली की सगळ्या हलतात, तुटली तर बाकीच्या पाचही चढतात.

इंदिरानगर_ई_मेजर
आभार. पण एचएसएस म्हटलं की साधा व्हॅमी बार येतोच ना? त्याने ट्यूनिंग जातं म्हणतात.

सहावी_तार
बार काढून ठेवा. मागची प्लेट उघडून स्प्रिंगचे दोन्ही स्क्रू थोडे थोडे आवळा, ब्रिज बॉडीला टेकला की थांबा. मग तो स्थिर ब्रिजसारखाच वागतो. तरीही ट्यूनिंग गेलं तर नटच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा आणि खुंटीवर तारेचे दोन-तीनच वेढे ठेवा. नवी तार हाताने ताणून पुन्हा सुरात आणायची, ती हलायची थांबेपर्यंत. तारा ९-४२ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) घ्या, ब्लूजला खेचायला सोप्या.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. नेकच्या कडेवरून तळवा फिरवला की टोचतात. गिटार बॅगेत ठेवा, कूलरच्या झोतात स्टँडवर नको. पावसाळ्यात नेक पुन्हा हलतो, तेव्हा उंची मोजूनच ट्रस रॉडला हात लावा.