शिवेवरची थडगी आणि गाढवाचा दगड

प्रश्न
अलिबाग तालुक्यातील आमच्या गावाच्या शिवेवर, पाणंदीच्या कडेला, तीन उभे दगड आहेत. गावात त्यांना ‘थडगी’ म्हणतात. लढाईत पडलेली माणसे तेथे पुरली आहेत, दिवेलागणीनंतर तिकडे फिरकू नये, असे आजी सांगत असे, आणि अमावास्येला आजही तेथे नारळ ठेवला जातो. दोन दगडांवर लढणारी माणसे आणि वर शिवलिंग आहे. तिसऱ्यावर सूर्य-चंद्र, त्याखाली गाढव व स्त्री अशी आकृती आहे. हा दगड जो हलवील त्याचा वंश बुडतो, असा समज आहे. आता पाणंद रुंद होणार आहे. ही खरोखर थडगी आहेत का?

उत्तर १
पहिले दोन दगड वीरगळ दिसतात. वीरगळ हे लढताना पडलेल्या वीराचे स्मारक असते, थडगे नव्हे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि सर्वांत वर त्याने चालवलेली शिवपूजा, असा त्याचा सर्वसाधारण क्रम असतो. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर तर गलबतांची लढाई कोरलेली आहे. खाली हाडे किंवा धन सापडेल म्हणून कोणी खणू लागले, तर त्यांना कृपया थांबवा.

उत्तर २
तिसरा दगड गद्धेगाळ आहे. शिलाहार राजघराण्याच्या काळात आणि त्यानंतरही कोकणात राजे भूमिदान देत, तेव्हा असा दगड रोवत. सूर्य-चंद्र म्हणजे ते असेपर्यंत दान टिकावे हा संकल्प, आणि खालची आकृती म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेली जबर शिवी. आपल्याच तालुक्यातील आक्षीच्या शिलालेखावरही, ज्याचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला गेला आहे, सूर्य-चंद्र आणि अशी शापवाणी आहे. वंश बुडण्याची आपल्या गावातील समजूत मला त्या शापाचीच आठवण वाटते. अक्षरे वाचणारे राहिले नाहीत, पण धाक उरला. दगडालगतच्या जमिनीला काही जुने नाव आहे का?

उत्तर ३
पाणंदीचे काम सुरू होण्यापूर्वी ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्या आणि राज्य पुरातत्त्व विभागालाही कळवा. छायाचित्रे सकाळच्या तिरप्या उन्हात घ्या, म्हणजे झिजलेली अक्षरे उठून दिसतात. दगडांवर तेलरंग लावू देऊ नका.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. अर्ज उद्याच देतो. लगतच्या शेताला आमच्याकडे ‘बामणाचे शेत’ म्हणतात, पण गावात ब्राह्मणाचे एकही घर कोणाला आठवत नाही.