मदत हवी आहे : मामा तलावाच्या पोटात मुरुम टाकताहेत

नमस्कार मंडळी, मी गोंदिया जिल्ह्यातला. आमच्या गावच्या माजी मालगुजारी (मामा) तलावात, म्हणजे जुन्या मालगुजार-जमीनदारांनी सिंचनासाठी बांधलेल्या तलावात, सांडव्याच्या बाजूनं आठवडाभर मुरुमाचे टिप्पर रिकामे होताहेत. तिथे सभागृह बांधायचं म्हणतात. जिथे देवधान (आपोआप उगवणारं रानटी धान) उगवायचं, तिथे आता लाल मुरुमाचा ढीग आहे. खालच्या धानाच्या बांध्या याच पाण्यावर, ढिवरांची मासेमारीही.

2017 च्या पाणथळ नियमांत गेल्या 10 वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई आहे. पण सिंचनासाठी बांधलेले तलाव त्याच नियमांच्या व्याख्येतून वगळले आहेत, आणि समोरची मंडळी नेमकं तेच पुढे करतात. मग मामा तलावाला संरक्षण कुठलं? निस्तार हक्काची (गावकऱ्यांच्या सामाईक वापराच्या परंपरागत हक्काची) नोंद चालेल का? गावतलावांवरची अतिक्रमणं हटवा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपालसिंग खटल्यातला निकाल आहे, त्याचा आधार घेऊन अर्ज कुणी केलाय का? तहसीलदारांकडे जायचं की जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे? या हक्कांची नोंद असलेल्या निस्तार पत्रकाची नक्कल कुठे मिळते, तेही सांगा. पाऊस लागायच्या आत काम थांबलं पाहिजे हो, नाहीतर पाणी तलावाच्या पाळीवर (बांधावर) चढेल. अर्जाचा नमुना असेल तर कृपया टाका.