पुण्यात जीवाश्म शोधायचे तर

आठवीतल्या लेकीला जीवाश्म जमवायचेत आणि घर पुण्यात, मग शोधायचे कुठे, असं तुम्ही विचारलंय. पुण्याभोवतीचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात जीवाश्म मिळणं कठीण. टेकड्या पालथ्या घातल्या तरी हाती लागतील ते जिओलाइट या खनिजाचे स्फटिक. सुंदरच, पण तो छंद वेगळा.

सुट्टीत विदर्भात जा. तिथे दोन लाव्हाथरांच्या मधे जुन्या तळ्यांचा गाळ अडकलाय आणि त्यात जीवाश्म सापडतात. नागपूरच्या टाकळीचे असे जीवाश्म मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच गोळा केले होते. चर्ट नावाच्या कठीण दगडात फायसा या गोगलगायीचा शंख नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. दहा पटींचं भिंग लावलं की त्याचे वेढे मोजता येतात. मला तर हाच पहिला नमुना असावा असं मनापासून वाटतं. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळच्या वडधम जीवाश्म उद्यानात मात्र फक्त बघायचं, उचलायचं काही नाही.

नमुना मिळाला की तिथेच उभं राहून गाव, तारीख आणि थर लिहायला लावा. घरी दगडाच्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईनं क्रमांक, तोच वहीत. आणि शेतातला दगड घेतानाही आधी मालकाला विचारा.