मदत हवी आहे: गरम इंजिन सुरू होताना दर वेळी धांदल

फ्लाइंग क्लबचं छोटं विमान, सेसना १७२ एस, इंजिन लायकमिंग आयओ-३६०, म्हणजे फ्यूएल इंजेक्शनवालं. त्यामुळे कार्ब्युरेटरचे उपाय इथे लागू नाहीत. सकाळचा पहिला स्टार्ट अगदी झकास. पण टेक्सासच्या उन्हात, ३८ अंशांत, इंधन भरून वीस-पंचवीस मिनिटांनी परत आलो की इंजिन नुसतं गरगरतं. कधी दोन ठोके देऊन गप्प. बंद केल्यावर दहा मिनिटांच्या आत परत सुरू केलं तर त्रास नाही, तासाभरानंतरही नाही. अडचण फक्त मधल्या वेळातली.

प्राइम न करता (म्हणजे पंपाने आधी इंधन न देता) मिक्श्चर (इंधनाचं प्रमाण ठरवणारा दांडा) कट-ऑफला, म्हणजे इंधन बंद, थ्रॉटल अर्धा इंच उघडा आणि पेटताच मिक्श्चर पुढे, हे करतो. चारपैकी एकदा जमतं. एकदा घाबरून पंप जास्त चालवला आणि फ्लड केलं, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन जास्त झालं. मग थ्रॉटल पूर्ण उघडून सुटका झाली. (पेट्रोलचा वास आला तेव्हा अक्कल आली.) नाक वाऱ्याकडे करून उभं करतो, उष्णता निघून जावी म्हणून इंजिनच्या आवरणावरचं ऑइल तपासायचं झाकण उघडं ठेवतो. फरक थोडाच. बॅटरी नवी आहे, मॅग्नेटो (ठिणगी देणारे) तपासून झालेत, स्टार्टरला मध्ये विश्रांती देतो. विमान भाड्याचं, त्यामुळे कुठलाही बदल करता येणार नाही. फक्त पद्धत बदलू शकतो.

इंधनाच्या लाइनमध्ये उष्णतेने वाफ धरली आहे की सिलिंडरमध्ये आधीच जास्त इंधन आहे, हे कॉकपिटमधून कसं ओळखता? आणि वाफ असेल तर कट-ऑफमध्ये पंप चालवून उपयोग होतो, की मिक्श्चर क्षणभर पुढे द्यावंच लागतं? किती सेकंद?